पाणी सुटायची वेळ

मी महापालिकेत व्हॉल्व्हमन.
सिडकोचा थोडा भाग, पाथर्डी फाट्याकडच्या चार कॉलन्या.
पहाटे सायकलच्या दांडीला
चार फुटी चावी बांधून निघतो.
साडेतेरा आटे फिरवले
की पवननगरच्या टाक्या भरू लागतात.
एक आटा कमी पडला
तर सातच्या सुमारास बायका माझ्या नावानं शंख करतात.

म्हणून डॉक्टर निकुंभ जेव्हा म्हणाले,
"बाळाच्या लघवीच्या वाटेत व्हॉल्व्ह आहे,"
मी हसलो.
हर्षाली मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सातव्या महिन्यात सोनोग्राफीवाल्या बाईंनी
पडदा आमच्याकडं वळवला होता.
दोन्ही किडन्या फुगलेल्या, पिशवीची भिंत जाड,
आणि खाली एक लांबट काळी फट.
"कुलपाच्या भोकासारखं दिसतंय ना," त्या म्हणाल्या,
"आम्ही त्याला तेच म्हणतो."
बाळाभोवतीचं पाणी मात्र कमी.
मी विचारलं, आत एवढं तुंबलंय, तर बाहेर कमी कसं?
विचारता विचारताच कळलं.
बाळ ज्यात पोहतं
ते पाणी बाळानंच सोडलेलं असतं.

सासूबाई वणीहून आल्या.
ग्रहणात विळीला हात लावला होतास का,
तीनदा विचारलं.
चौथ्यांदा विचारलं ते दवाखान्यातच.
निकुंभांनी कुणाच्या तरी बिलामागं एक नळी काढली,
नळीत दोन पाकळ्या.
"मुलग्यांतच होतं हे. पोटात असताना, फार लवकर,
जी कातडी विरून जायची ती राहून जाते.
लघवी आली की शिडासारखी फुगते, वाट अडते.
कुणी काही केलेलं नाही, आजी."
सासूबाईंनी कागदाची घडी घालून कनवटीला खोचली.

जन्मला गुरुवारी.
पाळण्याआधी नळी.
मी पिशवीवरचे आकडे वाचत बसलो,
साठ मिली, पंच्याऐंशी. मला तेवढंच येतं.
रक्तातलं क्रिएटिनिन बरं आलं म्हणून पेढे आणायला निघालो,
तर सिस्टर म्हणाली, थांबा,
पहिल्या दिवशीचा आकडा आईचाच असतो.
बाळाचा स्वतःचा यायला दोन-चार दिवस लागतात.
हर्षालीला सांगितलं. ती भिंतीकडं बघत म्हणाली,
"मग माझाच राहू दे."

नवव्या दिवशी दुर्बीण घातली.
मी बाहेर, मुंबई नाक्याच्या सिग्नलकडं तोंड करून.
त्या दिवशी माझं पाणी सोमनाथ गांगुर्डेनं सोडलं.
फोन करून विचारलं, किती आटे?
मी सांगितले.
आवाज अगदी नीट होता म्हणे माझा.

निकुंभ बाहेर आले, मास्क हनुवटीखाली.
"पडदा गेला. वाट मोकळी आहे.
पण इतके महिने मागं जो दाब बसला, त्याचं बघत राहावं लागेल.
उजवी किडनी थोडीच कामाची उरलीय.
मोठा झाला की पिशवीलाही शिकवावं लागेल,
कधी रिकामं व्हायचं ते.
येत राहा."

हे मला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.
फाट्यावर एकदा रात्रभर व्हॉल्व्ह अडकला होता.
सकाळी सुटला, पाणी आलं, लोक खूश.
मागच्या लाइनीचे सांधे
अजून पाझरतात.

आता मंथन अकरा महिन्यांचा.
ड्युटीच्या वहीत त्याचीही नोंद असते.
४.५५ पवननगर सुरू.
६.४० पवननगर बंद.
७.१० मंथन. धार बरी. तुटक नाही.
९.०० ताप नाही.

काल पहाटे तो लवकर उठला.
हर्षालीनं दुपटं सोडून त्याला पलंगावर उभं धरलं,
आणि त्यानं थेट भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला.
अर्धा फेब्रुवारी भिजला.
"अहो, बघा," ती ओरडली, "बघा की!"
मी दारात, खांद्यावर चावी,
बघत राहिलो.

पवननगरचं पाणी वीस मिनिटं उशिरा सुटलं.
वहीत कारणाचा एक रकाना असतो.
तो रिकामा सोडला.